जी आली नाही तिच्यासाठी चिकटवही

आज आपण एका वहीबद्दल बोलणार आहोत. शाळेतली पोरं पानं, फुलं, चित्रं लावून चिकटवही करतात ना, तशीच वही. फक्त ही आहे आपल्या परदेशवारीची.

परदेश म्हटलं की आधी विमान डोळ्यांपुढे येतं. पण आपल्याकडच्या कितीतरी बायकांचा पहिला परदेश म्हणजे नेपाळ. कुणी पशुपतिनाथाच्या दर्शनाला जातात, कुणी बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करत लुंबिनीला जातात. आपल्याला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी निवडणुकीचं ओळखपत्र चालतं. मुंबईहून सुटणारी कुशीनगर एक्सप्रेस नाशिक, मनमाड, भुसावळ करत गोरखपूरला पोचते. तिथून बसनं सोनौली. कमान ओलांडली की पलीकडे नेपाळ. वर्षानुवर्षं भिशीत किंवा गटात पैसे साठवून बायका जातात, म्हणून आम्ही आज नेपाळचंच उदाहरण घेतलंय. तुम्ही श्रीलंकेला जा नाहीतर दुबईला लेकीकडे जा, वही करायची रीत हीच.

आता कुणी म्हणेल, फोटो मोबाइलमध्ये आहेत की, वही कशाला? मोबाइल पाण्यात पडतो, पडदा फुटतो, जागा संपली म्हणून पोरं जुने फोटो पुसून टाकतात. आणि मोबाइल असतो एकीचा. दहाजणी गेल्या असतील तर दहाजणींचा प्रवास दहा मोबाइलमध्ये विखुरलेला असतो. पण आम्हाला वही हवी वाटते ती वेगळ्याच कारणानं. प्रत्येक गटात एक तरी अशी असते जी येणार होती आणि आली नाही. घरी म्हातारी सासू होती, म्हैस व्यायला आली होती, किंवा घरच्यांनी हो म्हटलं नाही. तिला मोबाइलवरचे फोटो दाखवले तर ती दोन मिनिटं बघते, छान छान म्हणते आणि उठते. तिला विचारायचं असतं ते वेगळंच. पैसे किती लागले? रात्री झोपलात कुठं? बाथरूमची सोय कशी होती? भीती वाटली का? घरी काय सांगून गेलात? ही उत्तरं फोटोत नसतात. ती वहीत लिहून ठेवता येतात. म्हणून वही करताना एक गोष्ट मनाशी धरा: ही वही जी आली नाही तिच्यासाठी करायची आहे. काय लावायचं आणि काय गाळायचं, हे त्यावरून आपोआप ठरतं.

प्रवासात काय जमवायचं

वहीचं काम घर सोडतानाच सुरू होतं. एक जाड लखोटा किंवा प्लॅस्टिकचं फाइल-पाकीट पिशवीत ठेवा. रेल्वेचं तिकीट, बसचं तिकीट, मंदिराच्या किंवा संग्रहालयाच्या प्रवेशाची पावती, जेवणाचं बिल, धर्मशाळेचं कार्ड, चहापुड्याचं वेष्टण, सगळं त्यात टाका. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं तारीख आणि गावाचं नाव लिहा. तिसऱ्या दिवसानंतर कुठली पावती कुठली ते कुणालाच आठवत नाही.

पावत्यांची एक गंमत आहे. गुळगुळीत, पातळ कागदावरची छापील पावती असेल तर तिच्यावर नख ओढून बघा. काळी रेघ उमटली तर तो उष्णतेवर छापला जाणारा कागद. त्यावर शाई नसतेच, त्यामुळे अक्षरं काही महिन्यांत फिकी पडतात. आल्या आल्या तिची झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सच वहीत लावा.

नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहितात, त्यामुळे पाट्या आणि पावत्या आपल्याला वाचता येतात. फक्त साल बघून गोंधळ होतो. पावतीवर २०८१ असं काहीतरी दिसतं. तिकडे विक्रम संवत चालतं आणि त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्यावर, वैशाखात बदलतं. एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतची पावती असेल तर सालातून ५७ वजा करा, जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतची असेल तर ५६. घड्याळही आपल्यापेक्षा पाव तास पुढे असतं. आपल्याकडे बारा वाजले की तिकडे सव्वाबारा. हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहून टाका. पुढे जाणारीची बस चुकायची नाही.

पाच-दहा रुपयांची एखादी नोट आणि दोन-चार नाणी परत आणा. नेपाळच्या नोटांवर एका बाजूला सागरमाथा, म्हणजे आपण ज्याला एव्हरेस्ट म्हणतो ते शिखर असतं. पाचाच्या नोटेवर मागे याक असतो, शंभराच्या नोटेवर गेंडा. नोट चिकटवू नका. तिच्यासाठी पानावर कागदाचा छोटा खिसा करा.

काही गोष्टी मात्र आणायच्या नाहीत. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिराच्या आवारात फोटो काढायला मनाई आहे. शेजारीच बागमती नदीच्या घाटावर अंत्यसंस्कार चालू असतात. तिथे मोबाइल खालीच ठेवावा. आपल्या घरच्या सरणाचा फोटो परक्यानं काढला तर आपल्याला कसं वाटेल? भक्तपूरला काळं, लाल काठाचं लुगडं नेसलेल्या नेवार बायका दिसतात. बघून आपल्या चंद्रकळेची आठवण येते आणि हात आपोआप मोबाइलकडे जातो. आधी विचारा. ‘दिदी’ म्हणून हाक मारली की त्या थांबतात. हो म्हणाल्या तर काढा, त्यांचं नाव विचारा, आणि वहीत लावायला चालेल का तेही विचारा.

कागद, खळ आणि शिवण

वहीचा कागद जाड हवा. बाजारात मिळणारा जाड ड्रॉइंग पेपर चालतो. हातकागद मिळाला तर फारच चांगलं. पुण्यात हातकागदाची संस्था १९४० पासून आहे. तिथे सुती चिंध्यांपासून कागद बनवतात. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडून तुकडे होतो, तसं सुती कागदाचं सहसा होत नाही. वर्तमानपत्राचा कागद वहीत अजिबात नको. तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्या फोटोलाही डाग देतो.

नेपाळला गेलाच आहात तर तिथला लोकता कागद दोन-तीन ताव तरी आणा. काठमांडूत थमेल भागात आणि भक्तपूरला त्याची दुकानं आहेत. लोकता हे डोंगरात उंचावर वाढणारं झुडूप. त्याच्या सालीपासून हा कागद करतात. झुडूप मुळासकट उपटत नाहीत, फांद्या तोडतात, पुन्हा फुटवा येतो. या कागदाला कीड सहजी लागत नाही, म्हणून पोथ्या आणि सरकारी दस्त त्यावर लिहायची तिकडे जुनी रीत आहे. हे ताव गुंडाळी करून चटईत घालून आणले तर चुरगळत नाहीत. वहीत दर चार-पाच पानांनंतर एक पान लोकताचं घाला. हात लावला की कळतं, हे पान तिकडचं.

चिकटवायला घरची खळ उत्तम. पाव वाटी मैदा आणि दीड वाटी पाणी. आधी थोड्या पाण्यात मैदा गुठळ्या मोडून कालवा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सारखं ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन खळ चकचकीत, थोडी पारदर्शक झाली की उतरवा. निवल्यावर पातळ फडक्यातून गाळा. दोन दिवसांत संपवा, आंबट वास आला तर टाकून द्या. बांधणीवाले खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे. लेकराबाळांच्या घरात त्याच्या वाटेला जाऊ नका. कसर लागू नये म्हणून वही पूर्ण वाळवायची, ट्रंकेत कोरडा कडुलिंबाचा पाला ठेवायचा आणि पावसाळा संपला की एकदा सावलीत वारं द्यायचं, एवढं पुरे.

खळ तिकिटांना, पावत्यांना, कापडाला. फोटोला मात्र खळ लावू नका, फोटो सुरकुततो. फोटोसाठी जाड कागदाचे छोटे त्रिकोणी कोपरे करा. ते पानाला चिकटवा आणि फोटो त्यात अडकवा. उद्या फोटोची प्रत हवी झाली तर काढता येतो. सेलोटेप मुळीच वापरू नका. दोन-तीन वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि चिकट डाग मागे ठेवते.

आता शिवण. वही बाजारातून आणली आणि तिच्यात तिकिटं, फोटो लावत गेलो की ती तोंडाकडून फुगते आणि शिवणीकडून फाटते. म्हणून आपली वही आपणच बांधायची. तळहाताच्या दुप्पट रुंदीची वीस पानं एका मापाची कापा. प्रत्येक दोन पानांच्या मध्ये, शिवणीच्या बाजूला, एक इंच रुंदीची जाड कागदाची पट्टी ठेवा. या पट्ट्यांमुळे शिवणीची बाजूही तेवढीच जाड होते आणि आत फोटो लावले तरी वही सपाट मिटते.

पुठ्ठ्यासाठी साडीच्या खोक्याचा किंवा जुन्या कॅलेंडरमागचा जाड पुठ्ठा घ्या. वरच्या पुठ्ठ्याची शिवणीकडची एक इंचाची पट्टी कापून वेगळी करा. ती पट्टी आणि उरलेला पुठ्ठा यांच्यात दोन काड्यापेटीच्या काड्या मावतील एवढी फट ठेवा आणि दोन्हींवर मिळून एकच कापड चिकटवा. ती फट म्हणजे बिजागरी. ती नसेल तर पुठ्ठा उघडतच नाही. कापड म्हणून जुन्या लुगड्याचा काठ किंवा खणाचा तुकडा घ्या. रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा.

सगळं जुळवलं की शिवणीच्या कडेपासून दीड सेंटिमीटर आत, सारख्या अंतरावर पाच भोकं दाभणानं पाडा. गोधडीचा जाड दोरा मेणावरून ओढून घ्या. पहिल्या भोकातून खालून वर या, दोऱ्याचं शेपूट खाली सोडा. मग गोधडीला घालतो तसा धावदोरा घालत पाचव्या भोकापर्यंत जा. उलट येताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरत या. दोरा परत पहिल्या भोकाशी खालच्या बाजूला येतो. तिथे शेपटाला गाठ मारा. ज्या हातांनी गोधडी शिवलीय त्यांना हे शिकवावं लागत नाही.

पानं कशी लावायची

पहिल्या पानावर नकाशा. आपलं गाव, तालुक्याचा फाटा, रेल्वेचं स्टेशन, गोरखपूर, सोनौली, लुंबिनी, पोखरा, काठमांडू. माप चुकलं तरी चालेल. कुठे उतरलो, कुठे गाडी बदलली, किती तास लागले, ते प्रत्येक रेघेवर लिहा.

दुसऱ्या पानावर हिशोब. हे पान कधीही गाळू नका. बाई चार दिवस बाहेर गेली की पैसे उधळले अशी कुजबूज होते. त्याला हे पान उत्तर आहे. गाडीभाडं, राहणं, जेवण, दर्शन, खरेदी, औषध, असे रकाने करा. एका रकान्यात नेपाळी रुपये, दुसऱ्यात आपले. आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात, हा दर ठरलेला आहे. म्हणजे नेपाळी ८० चे आपले ५०, नेपाळी ४० चे २५. पैसे कुठून आले तेही लिहा: गटातून कर्ज घेतलं, कोंबड्या विकल्या, दर महिन्याला थोडे बाजूला टाकले. जी आली नाही तिला यातूनच कळेल की आपल्यालाही जमेल का आणि आजपासून महिन्याला किती ठेवायला लागतील.

पुढची पानं गावांची. फोटोखाली नुसतं ‘लुंबिनी’ लिहून भागत नाही. ती विचारेल, हा कसला खांब? तिला सांगा की हा सम्राट अशोकाचा स्तंभ. त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलंय की बुद्धांचा जन्म इथे झाला, म्हणून राजा स्वतः इथे आला आणि त्यानं या गावाचा कर कमी केला. देवळासमोर उभ्या बायकांच्या फोटोपेक्षा, राजानं गावाचा कर कमी केला हे शेतकऱ्याच्या घरात जास्त दिवस लक्षात राहील. काठमांडूचा फोटो असेल तर लिहा की इथल्या काष्ठमंडप नावाच्या लाकडी वास्तूवरून शहराला नाव पडलं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात ती कोसळली आणि लोकांनी पुन्हा उभी केली. किल्लारीचा भूकंप ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. पोखऱ्याहून दिसणारं माशाच्या शेपटीसारखं शिखर म्हणजे माछापुछ्रे. त्याला तिकडे पवित्र मानतात, चढायला परवानगी नाही.

एक पान गळ्यातल्या मण्यांचं करा. नेपाळात लग्न झालेल्या बायका काचेच्या बारीक मण्यांच्या माळा घालतात. त्यांना त्या ‘पोते’ म्हणतात. आपण काळी पोत म्हणतो. त्यांची बहुधा लाल किंवा हिरवी, आपली काळी. दोन्हींचे चार-चार मणी दोऱ्यात ओवून शेजारी शेजारी पानाला टाका घालून बसवा. भक्तपूरच्या मातीच्या भांड्यातल्या दह्याचं, तांदळाच्या पिठाच्या कड्यासारख्या सेल रोटीचंही एक पान होऊ शकेल. करायची रीत विचारून आला असाल तर तीही लिहा.

मग प्रत्येकीचं एकेक पान. इथे प्रत्येकीनं स्वतःचं सांगायचं. जिला लिहिता येत नाही तिनं बोलायचं आणि दुसरीनं जसंच्या तसं लिहायचं. ती म्हणाली ‘लई भ्या वाटलं’ तर ‘भीती वाटली’ असं सुधारायचं नाही. तिच्या पानावर तिचं काहीतरी हवं. नेपाळी नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की नाण्याचा छाप उमटतो. तो तिला काढू द्या, पानाची चौकट रांगोळीच्या ठिपक्यांनी भरू द्या. आयुष्यभर कर्जाच्या कागदावर अंगठा उठवला, इथे तिच्या बोटांनी पूर्ण पान भरलं पाहिजे.

आणि गैरसोयीचंही लिहा. डोंगरात बस वळणं घेते तेव्हा उलट्या होतात, गोळी आधी घ्यावी लागते. पाळी मध्येच आली तर काय केलं. घरून फोन आला आणि पोरगं आजारी आहे म्हणून कळलं तेव्हा मन कसं झालं. हे लिहिलं नाही तर पुढे जाणारीला वाटेल की सगळ्या हसत गेल्या आणि हसत आल्या, माझ्याच वाट्याला का हे?

एक सावधगिरी. आधार कार्ड, निवडणूक ओळखपत्र किंवा पासपोर्ट यांच्या प्रती वहीत लावू नका. फोन नंबर, बँकेचा खातेक्रमांकही नको. वही हातोहात फिरणार आहे.

शेवटची पाच पानं कोरी

वीसपैकी शेवटची पाच पानं मुद्दाम कोरी ठेवा. वही झाली की ती पहिल्यांदा कुणाच्या हातात द्यायची ते ठरलेलंच आहे. जी आली नाही तिच्या. तिच्या घरी जाऊन बसा, किंवा गटाच्या बैठकीत तिला मध्ये बसवा. ती पानं उलटेल आणि विचारेल. तिचा एकेक प्रश्न त्या कोऱ्या पानांवर लिहा आणि खाली उत्तर लिहा. उत्तर ठाऊक नसेल तर जागा सोडा. पुढच्या वेळी जाणारी विचारून येईल.

तिच्या सासूलाही वही दाखवा. सासूच्या मनात बहुतेक वेळा काळजीच असते. बायका बायकाच कुठे राहिल्या, सोबत कोण होतं, किती वाजता मुक्कामी पोचल्या, हे पानावर दिसलं की अर्धी काळजी जाते. घरच्यांना पटवायला दहा बैठका घ्याव्या लागतात, तिथे ही वही एक रात्र त्यांच्या घरी राहिली तर बोलणं सोपं होतं.

वही गटाच्या पेटीत ठेवा, पासबुकांशेजारी. कुणी नेली, कधी परत आणली, ते मागच्या पुठ्ठ्याच्या आत लिहीत चला.

या महिन्यात ज्या गटाच्या बायका कुठे जाऊन आल्या असतील, त्यांनी पुढच्या बैठकीला तिकिटं, पावत्या आणि दाभण घेऊन या. ज्या अजून गेल्या नाहीत त्यांनी प्रश्न घेऊन या. खळ शिजवायला पातेलं कुणाचं, ते तेवढं आपसात ठरवा.